अनंत लावताय? आधी पाण्याचं बघा

अनंताची कळी कधी जवळून पाहिलीय? लांबट, हिरवट, आणि दोरीला पीळ घालावा तशा पाकळ्या एकमेकींवर गुंडाळलेल्या. दिवस भरत आले की त्या पिळाच्या फटींतून पांढरं डोकावू लागतं. मग एका संध्याकाळी पीळ सैल होतो आणि अंगणात पाऊल टाकायच्या आधीच फूल उमलल्याचं कळतं. पहिल्या दिवशी दुधासारखं पांढरं, दुसऱ्या दिवशी सायीच्या रंगाचं, पुढे पिवळसर. रंग उतरला तरी वास मागे रेंगाळत राहतो.

नव्याने अनंत लावणाऱ्यांची तक्रार मात्र ठरलेली असते. रोप आणलं तेव्हा कळ्यांनी लगडलेलं होतं, आठ दिवसांत कळ्या गळाल्या, महिन्याभरात पानं पिवळी पडली, मग खत घातलं तर आणखी पिवळी पडली. माझं पहिलं रोप मी असंच घालवलं. शेणखत घातलं, पेंड घातली, अंड्याची टरफलं वाळवून, कुटून घातली. रोप पिवळं ते पिवळंच. मी पाणी घालत होते बोअरवेलचं, ज्याने बादलीच्या तळाला पांढरा थर बसायचा. तो थर रोज बघूनही डोक्यात प्रकाश पडला नाही की हेच कुंडीतही बसतंय.

अनंताला आंबट, म्हणजे आम्लधर्मी, माती लागते. या झाडाच्या दहापैकी आठ दुखण्यांचं मूळ तिथे सापडतं, म्हणून या लेखातही सगळ्यात जास्त जागा माती आणि पाण्याला दिली आहे.

रोप घेताना: अनंतच आहे ना?

अनंत म्हणजे गार्डेनिया जॅस्मिनॉइडिस. कूळ कॉफीचं, आणि रानातली डिकेमाली ही याच्याच जातकुळीतली. मूळचा चीन, जपान, तैवान, व्हिएतनाम या भागातला. १७६१ साली जॉन एलिस यांनी याला आजचं शास्त्रीय नाव दिलं. गार्डेनिया हे नाव अलेक्झांडर गार्डन या डॉक्टर आणि निसर्गअभ्यासकावरून आलं, बागेवरून नाही. जॅस्मिनॉइडिस म्हणजे जाई-मोगऱ्यासारखा, पण नातं फक्त वासापुरतं.

नर्सरीत एक फसगत होते. डबल तगरीची पानं तशीच तकतकीत आणि फुलं तशीच पांढरीशुभ्र, भरगच्च पाकळ्यांची. ओळखायचं कसं? एक पान देठाशी तोडा. पांढरा चीक आला तर ती तगर. अनंताला चीक नसतो. शिवाय अनंताची पानं समोरासमोर किंवा एकाच पेरावर तीन-तीन येतात, गडद हिरवी, शिरा खोल रुतलेल्या. तगरही चांगलं झाड आहे, काटकही जास्त, पण तुम्हाला हवा होता तो वास तिच्याकडून मिळणार नाही.

रोप निवडताना कळ्या मोजू नका. उलट कळ्या कमी आणि नवी पालवी हिरवीगार असलेलं रोप घ्या. पानं उलटून खालची बाजू बघा, फांदीच्या बेचक्यात कापसासारखं काही चिकटलंय का बघा. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील, तर ते दुखणं विकत घेऊ नका. जागा लहान असेल तर बुटकी, जमिनीलगत पसरणारी 'रॅडिकन्स' जात मिळाली तर बघा. थंडी जास्त पडते तिथे 'क्लाइम्स हार्डी' टिकते, तिची फुलं एकेरी असतात पण वासाला कमी नाहीत. साधा अनंत मोकळ्या जमिनीत दीड ते दोन मीटर उंच आणि जवळपास तेवढाच रुंद होतो, हे लक्षात ठेवून जागा ठरवा.

जागा

सकाळचं चार-पाच तास ऊन आणि दुपारनंतर सावली, ही जागा उत्तम. दिवसभर रणरणतं ऊन असेल तर पानांच्या कडा करपतात आणि कळ्या वाळतात. पूर्ण सावलीत झाड हिरवंगार राहतं, फुलत मात्र नाही. वास संध्याकाळी आणि रात्री जास्त पसरतो, तेव्हा खिडकी किंवा बसायची जागा जवळ असेल तर बरं.

दोन जागा टाळाच. एक, सिमेंटच्या भिंतीच्या किंवा नव्या फरशीच्या अगदी कडेला. सिमेंटमधला चुना पावसाबरोबर मातीत झिरपतो आणि माती अल्कधर्मी, म्हणजे आंबटच्या उलट, होते. भिंतीपासून निदान एक मीटर अंतर ठेवा. दुसरी, मोठ्या झाडाच्या मुळांच्या जाळ्यात. अनंताची मुळं उथळ असतात, त्या झटापटीत तो हरतो.

जागा ठरली की एक सोपी परीक्षा घ्या. फूटभर खोल खड्डा करा, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या वेळचं पाणी काही तासांत जिरलं तर ठीक. दुसऱ्या दिवशीही पाणी उभं असेल तर तिथे खड्डा न करता माती वर चढवून ओटा करा आणि त्यावर लावा. खड्ड्याच्या तळाला विटांचे तुकडे घालून निचरा सुधारत नाही. चिकणमातीतला खड्डा हा बादलीसारखाच, तळाशी खडे घातले म्हणून बादलीला भोक पडत नाही.

माती आणि पाणी

पीएच हा शब्द घाबरवणारा वाटतो, पण बाब सोपी आहे: मातीचा किंवा पाण्याचा आंबटपणा सांगणारा तो आकडा. ७ म्हणजे ना आंबट ना अल्कधर्मी. त्याखाली आंबट, वर अल्कधर्मी. अनंताला ५ ते ६ च्या दरम्यान बरं वाटतं, साडेसहापर्यंत तो चालवून घेतो. त्याच्या वर गेलं की मातीतलं लोह मुळांना घेता येत नाही अशा रूपात बांधलं जातं. लोह असतं, पण ते कुलूपबंद. मग नव्या पानात हरितद्रव्य तयार होत नाही आणि पान पिवळं पडतं. अशा वेळी वरून कितीही खत घाला, कुलूप तसंच राहतं. मी हेच करत होते.

मातीत चुना आहे का हे घरी कळतं. वाळलेली चमचाभर माती बशीत घ्या आणि त्यावर थोडं पांढरं व्हिनेगर टाका. फसफसलं तर त्या मातीत मोकळा चुना आहे, आणि तिथे जमिनीत अनंत लावायच्या भानगडीत पडू नका, कुंडीत लावा. फसफसलं नाही म्हणजे माती आंबट आहे असं नाही, एवढंच की चुना नाही. नेमका आकडा हवा तर पीएचपट्ट्या मिळतात. माती शुद्ध पाण्यात कालवून, गाळ बसल्यावर वरच्या पाण्यात पट्टी बुडवायची.

आता पाणी. ज्या पाण्याने भांड्याला आतून पांढरं किटण चढतं, नळाच्या तोटीवर खरखरीत थर बसतो, ते जड पाणी. त्यात कॅल्शियमचे क्षार असतात आणि ते रोज थोडे थोडे करून माती अल्कधर्मी करतात. तुम्ही मातीचं मिश्रण कितीही झकास केलं तरी वर्षभरात जड पाणी ते बिघडवतं. पावसाचं पाणी साठवता आलं तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. एसीतून गळणारं पाणीही क्षारमुक्त असतं, ते वाया घालवू नका. दोन्ही नसेल तर दहा लिटरच्या बादलीत सायट्रिक ॲसिड अगदी चिमूट-चिमूट घालत, ढवळत, पट्टीवर ६ च्या आसपास येईपर्यंत जा. प्रमाण प्रत्येकाच्या पाण्यानुसार वेगळं पडतं, म्हणून पट्टीशिवाय अंदाजे ओतू नका. आरओच्या यंत्रातून बाहेर सोडलं जाणारं पाणी मात्र झाडाला घालू नका, क्षार सगळे त्यातच उतरलेले असतात.

माती आंबट करायला टिकाऊ उपाय म्हणजे गंधकाची भुकटी. मातीतले जिवाणू गंधकाचं आम्ल करतात, आणि त्यांना ओल व ऊब लागते, म्हणून परिणाम दिसायला काही आठवडे ते महिने जातात. बारा इंची कुंडीला चहाचा एक सपाट चमचा, वरच्या थरात हलकेच मिसळून, पाणी घालून, आणि मग दोन-तीन महिने पुन्हा हात लावायचा नाही. घाईने दुप्पट घातलं तर मुळं भाजतात.

आणि ते घरगुती उपाय. लाकडाची राख, अंड्याची टरफलं, हाडांचं खत, चुन्याची निवळी: अनंताला यातलं काही नको. हे सगळं माती अल्कधर्मी करतं किंवा तिच्यात कॅल्शियम वाढवतं. वापरलेला कॉफीचा चोथा माती आंबट करतो असा समज आहे. आम्ल बहुतेक कॉफीबरोबर कपात जातं, उरलेला चोथा जवळपास उदासीनच असतो. कंपोस्टमध्ये टाका, थेट कुंडीत थर देऊ नका, त्याची घट्ट पापडी होते आणि पाणी आत शिरत नाही. लिंबू पिळल्याने दोन दिवस बरं वाटतं, मातीला नव्हे, आपल्याला.

लावणी

कुंडी बारा ते चौदा इंची, तळाला मोठी भोकं असलेली. एकदम ढोल्या कुंडीत छोटं रोप लावलं तर मुळांपर्यंत न पोचलेली माती ओली राहून सडते. मिश्रण असं: दोन भाग धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा चांगला कुजलेला पाला, एक भाग बागेची माती, एक भाग जाड वाळू किंवा पर्लाइट (नर्सरीत मिळणारे हलके पांढरे खडे). शेणखत किंवा गांडूळखत दोन ओंजळी, त्याहून जास्त नको. कोकोपीट आधी दोन-तीनदा भिजवून पिळून घ्या, त्यातले क्षार निघून जातात. मूठभर मिश्रण ओलं करून दाबलं तर गोळा व्हावा आणि बोटाने टोचल्यावर सहज फुटावा. गोळा चिखलासारखा राहिला तर वाळू वाढवा.

जमिनीत लावताना खड्डा मुळांच्या गड्ड्याच्या दुप्पट रुंद पण तेवढाच खोल. रोप पिशवीतून काढल्यावर मुळं गोल गोल फिरलेली दिसली तर बोटांनी बाहेरची मोकळी करा. गड्ड्याचा वरचा भाग आजूबाजूच्या जमिनीपेक्षा बोटभर वर राहू द्या. माती पुढे खाली बसतेच, आणि खोडाचा बुंधा मातीत गाडला गेला तर साल कुजते. ही चूक दिसायला क्षुल्लक असते, आणि झाड गेल्यावर उपटून पाहिलं की मगच लक्षात येते.

लावून झालं की भरपूर पाणी द्या आणि वर दोन-तीन इंच जाडीचं पाल्याचं किंवा सालीच्या तुकड्यांचं आच्छादन घाला, खोडापासून चार बोटं लांब. यानंतर बुंध्याशी खुरपं चालवायचं नाही. मुळं वरच्या थरातच असतात. तण दिसलं तर हाताने उपटा.

दोन रोपं लावणार असाल तर मध्ये मीटर-दीड मीटर अंतर सोडा. हवा खेळली नाही की कीड ठरलेली.

रोजचं

पाण्याचं वेळापत्रक करू नका. मातीत बोट दोन पेरं घाला. वरचं पेर कोरडं आणि खालचं ओलसर लागलं की पाणी द्यायची वेळ झाली. द्याल तेव्हा तळातून निघेपर्यंत द्या आणि बशीत साठलेलं ओतून टाका. अनंताला दलदल चालत नाही आणि कोरड तर त्याहून चालत नाही. दोन्हींमधला हेलकावा सगळ्यात वाईट. चार दिवस विसरायचं आणि पाचव्या दिवशी बादली ओतायची, असं झालं की कळ्या गळाल्याच म्हणून समजा.

खत नवी वाढ दिसते तेव्हाच. अमोनियम सल्फेट हे खत नत्रही देतं आणि माती आंबटही ठेवतं. कुंडीला अर्धा चमचा, ओल्या मातीवर, सहा आठवड्यांतून एकदा, वरून पाणी. कोरड्या मातीवर कधीच नाही. आंबट माती आवडणाऱ्या झाडांचं तयार खत मिळालं तर तेही चालेल, पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्म्यापासून सुरू करा. थंडीत झाड थांबलेलं असताना खत बंद. पानं गडद, रसरशीत आणि फूल एकही नाही अशी स्थिती असेल तर नत्र जास्त होतंय किंवा ऊन कमी पडतंय.

कळ्या का गळतात

यावर थोडं थांबू, कारण लोक इथेच वैतागतात. कळी लागल्यापासून उमलेपर्यंत कित्येक आठवडे जातात आणि त्या काळात अनंताला कुठलाही बदल खपत नाही. नर्सरीतून घरी आणलेल्या रोपाच्या पहिल्या कळ्या गळणं हे साहजिक आहे, त्याचं दुःख करू नका. जागा बदलली, उजेड बदलला, हवेतली आर्द्रता बदलली. पुढच्या कळ्या इथल्याच हवेत लागतील, त्या टिकतील.

कळ्या लागल्यावर कुंडी हलवू नका, फिरवू नका, मोठ्या कुंडीत बदलू नका. एसीच्या किंवा पंख्याच्या थेट झोतात ठेवू नका. रात्री थोड्या थंड, साधारण १५ ते १८ अंशांच्या असल्या तर कळ्या छान धरतात. रात्रीही उकाडा असेल तर त्या धरत नाहीत किंवा गळतात, आणि त्याला आपल्या हातात फारसा उपाय नसतो. संध्याकाळी आसपासची जमीन शिंपडून गारवा करता येतो एवढंच. घरात ठेवलेल्या झाडाभोवती खड्यांच्या ताटलीत पाणी ठेवतात, पण कुंडीचा तळ पाण्याला टेकता कामा नये.

पिवळी पानं वाचायला शिका

कुठलं पान पिवळं पडलंय यावर सगळं आहे. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या: लोह मिळत नाही, म्हणजे मातीचा पीएच चढलाय. तात्पुरता उपाय म्हणजे चिलेटेड लोह, म्हणजे मातीत कुलूपबंद होऊ नये अशा रूपात तयार केलेलं लोह. यात दोन प्रकार येतात. ईडीटीए हा प्रकार अल्कधर्मी मातीत लवकर निकामी होतो, ईडीडीएचए हा टिकतो. दुसरा पाण्यात टाकला की गर्द लाल रंग येतो, त्यावरून ओळखता येईल. मात्रा पाकिटावरचीच. पंधरा दिवसांत नवं पान हिरवं येतं, जुनं पिवळं पान बहुधा पूर्ण सुधारत नाही, त्याच्याकडे बघून पुन्हा पुन्हा डोस देऊ नका. आणि पाणी बदला, नाहीतर दोन महिन्यांनी परत हेच.

खालची जुनी पानं शिरांच्या मधल्या भागात पिवळी: मॅग्नेशियम कमी. लिटरभर पाण्यात चमचाभर एप्सम सॉल्ट, महिन्यातून एकदा. खालची दोन-चार पानं सबंध पिवळी होऊन गळाली, विशेषतः नवी पालवी फुटताना: काही करू नका, झाड जुनी पानं टाकतंय. सगळीच पानं मरगळलेली, माती ओली आणि कुबट वास: मुळं कुजताहेत. रोप उपसा, काळी मऊ मुळं कापा, नव्या मोकळ्या मिश्रणात लावा, फांद्या थोड्या छाटा आणि सावलीत ठेवा. वाचेलच असं नाही.

मुळं उपसल्यावर त्यांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे डोळ्यांना न दिसणारे कृमी, आहेत. त्या मातीत दुसरा अनंत लावू नका.

कीड

पानांवर काजळी धरल्यासारखा काळा थर दिसला की लोक बुरशीनाशक शोधतात. ती बुरशी पानाला खात नाही, ती वाढते कीटकांनी सोडलेल्या गोड चिकट स्रावावर. पान उलटा, चोर तिथे बसलाय: पांढरी माशी, मावा, पिठ्या ढेकूण किंवा तपकिरी खवले कीड. मुंग्या खोडावरून ये-जा करत असतील तर कीड नक्की आहे, त्या स्रावासाठीच येतात.

आधी पाण्याचा जोरदार फवारा, पानांच्या खालून. पिठ्या ढेकूण कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून टिपा. मग लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि साबणाच्या पाण्याचे काही थेंब, नीट घुसळून, संध्याकाळी फवारा, आठवड्याच्या अंतराने तीनदा. उन्हात फवारलं तर पानं भाजतात. उमललेल्या फुलांवर फवारू नका, वासाचं वाटोळं होतं. कीड गेली की काजळी ओल्या फडक्याने पुसून निघते.

छाटणी

छाटणीची वेळ एकच: मुख्य बहर ओसरला की लगेच. फुलं फांद्यांच्या टोकांवर येतात, आणि पुढच्या बहराच्या कळ्या बऱ्याच आधी त्या टोकांवर तयार होऊ लागतात. उशिरा कात्री लावलीत तर पुढचा बहर तुमच्याच हाताने कापलात. लांबलेल्या फांद्या तिसरा हिस्सा कमी करा, आतली वाळकी काडी काढा, सुकलेली फुलं देठासकट खुडा. एवढं बस.

एकाची चार

छाटलेल्या फांद्या टाकू नका. ना कोवळी ना जून, अशी वाकवली की लवचीक पण दाबली की टणक लागणारी काडी निवडा, चार-पाच इंच लांब. कापा पेराच्या लगेच खाली. वरची दोन-तीन पानं ठेवा, मोठी असतील तर निम्मी कापा, खालची काढा. मुळं फुटायची भुकटी असेल तर टोक तिच्यात बुडवा. ओलसर कोकोपीट आणि वाळूच्या निम्म्या-निम्म्या मिश्रणात दोन इंच खोवा आणि वरून तळ कापलेली पारदर्शक बाटली उपडी घाला. बूच दिवसातून एकदा थोडा वेळ उघडा. उजेड हवा, थेट ऊन नको. चार ते आठ आठवडे लागतात. काडी ओढून मुळं फुटली का बघायचा मोह आवरा, मी पहिल्या सहा काड्या अशाच मारल्या. नवी पानं आली की हलक्या हाताने ओढून बघा, काडीने विरोध केला तर मुळं धरली.

सहाच्या सहा कधी लागत नाहीत. म्हणून दहा लावा.